तेजीच्या वर्षातला नफा

वऱ्हाडात कापसाचा भाव कसा चढतो आणि कसा बसतो, हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. दसऱ्यापासून मार्चअखेरपर्यंत घरोघरी तोच विषय असतो. तरीही याच मुलखात वाढलेल्या, चांगल्या हिशेबी माणसांनी २०२२ साली सूत कातणाऱ्या कंपन्यांचे शेअर ‘स्वस्तात मिळताहेत’ म्हणून घेतले, आणि त्यांतल्या काहींची निवृत्तीची पुंजी तिथे अडकली. ती माणसं माझी आहेत. म्हणून हे लिहितो.

कंपन्यांच्या शेअरचा अभ्यास करणारं आमचं एक मंडळ आहे. काही जण अकोल्याचे, काही अमरावतीचे. महिन्यातून एखाद्या रविवारी मूर्तिजापूरला जमायचं, कारण ते दोन्हीकडच्यांना जवळपास सारखंच पडतं. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले आहेत, एक दालमिलवाले आहेत. मी स्वतः जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबनीस होतो. ऑप्शनच्या खेळाला मंडळात पहिल्यापासून थारा नाही, आणि ते योग्यच आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडरांनी पैसे गमावल्याचं दिसलं. आमची मंडळी त्या वाटेची नव्हेत. ती बेंजामिन ग्रॅहमचं १९४९ सालचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ पेन्सिलीने खुणा करत वाचणारी. शेअर म्हणजे धंद्यातला वाटा. त्या धंद्याचं खरं मोल काढायचं आणि बाजारभाव त्याहून बराच खाली असेल तेव्हाच घ्यायचा, म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी मुद्दल वाचतं, ही त्याची शिकवण. ती मला आजही पटते. घात झाला तो ‘स्वस्त’ कशाला म्हणायचं, या ठिकाणी.

ते वर्ष आठवून पाहा. २०२१-२२ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला हमीभाव ५,७२६ रुपये होता आणि वसंतात आपल्याकडच्या बाजारांत क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला. रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, मे २०२२ मध्ये लाखाच्या पार गेली. ज्या गिरण्यांनी हंगामाच्या सुरुवातीला कमी भावात रुई भरून ठेवली होती, त्यांना त्याच रुईचं सूत चढ्या भावाने विकता आलं. मार्च २०२२ अखेरचे निकाल आले तेव्हा अनेक सूत कंपन्यांचा नफा पूर्वी कधी नव्हता एवढा फुगलेला होता. शेअरचा भावही वाढला होता, पण नफ्याएवढा नाही. त्यामुळे पी/ई, म्हणजे शेअरचा भाव आणि दर शेअरमागचा वर्षाचा नफा यांचं गुणोत्तर, चार-पाचवर आलं होतं.

अमरावतीकडचे एक गुरुजी आहेत; आमच्यात त्यांच्याइतकं वाचन कुणाचं नाही. त्यांनी अशा एका कंपनीचा अभ्यास मांडला. नाव लिहीत नाही, कारण कंपनीने काही लबाडी केलेली नव्हती. कर्ज आटोक्यात, लाभांश नियमित, प्रवर्तकांचे शेअर गहाण नाहीत. पी/ई चार. मंडळात आनंदाची लाट आली.

मी एकच शंका काढली. हा नफा सुताचा किती आणि रुईच्या भाववाढीचा किती? जिनिंगमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. गिरणीच्या गोदामात काही महिन्यांची रुई असतेच. भाव चढताना ते गोदाम नफा देतं आणि भाव उतरताना तेच गोदाम खातं. लाखाची खंडी साठ हजारांवर आली आणि गोदामात दहा हजार खंडी असल्या, तर नुसत्या साठ्यावर चाळीस कोटींचा खड्डा. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं होतं, म्हणजे भाव खाली यावा ही सरकारचीच इच्छा उघड होती.

उत्तरं तयार होती, आणि ती पोकळ नव्हती. चीनमधल्या शिनजियांगच्या कापसाला रोखणारा अमेरिकेचा कायदा जून २०२२ पासून लागू होत होता. जगातले खरेदीदार चीनला पर्याय शोधत होते. भारतीय सुताला दिवस चांगले येणार, असं जाणकारही म्हणत होते. माझी शंका वहीत लिहिली गेली आणि चर्चा पुढे सरकली. आज ती वही काढून पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या दिवशी आधी बोलणाऱ्या प्रत्येकाकडे तो शेअर आधीच होता. त्यांच्या मनात खोट मुळीच नव्हती. पण आपल्या घरात आलेल्या सुनेबद्दल माणूस जसा बोलतो, तसा तो आपल्याकडच्या शेअरबद्दल बोलतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की पाच जाणत्या माणसांनी स्वतंत्रपणे तपासून तेच सांगितलं. तपासणी एकट्या गुरुजींची होती. बाकीच्यांची नुसती सहमती.

वर्षभराच्या आत खंडी साठ हजारांच्या आसपास आली. महाग रुई गोदामात, बाहेर सुताला उठाव नाही. सूत कंपन्यांचा नफा तिमाहीमागून तिमाही आटत गेला आणि शेअर निम्म्यावर आले. गुरुजी प्रत्येक उतारावर आणखी घेत राहिले. मला म्हणाले, “मले सांगा भाऊ, कालपर्यंत चांगलं होतं ते आज सस्तं झालं म्हणून वाईट कसं? आता तं अजून घ्याव लागते.” ग्रॅहम मानणाऱ्या माणसाची सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. भाव पडला की घाबरू नका, उलट घ्या, हे या पद्धतीचं बळ आहे. पण हिशेबच चुकलेला असेल तर तीच शिकवण माणसाला खोल नेते, कारण प्रत्येक उतार त्याला स्वतःच्या मताचा पुरावा वाटतो. भावाकडे पाहून आपण चुकलो हे त्याला कधीच कळणार नसतं. ते कळण्यासाठी दुसरं काहीतरी आधी कागदावर असावं लागतं: गोदामातला साठा इतका वाढला, सूत आणि रुई यांच्या भावातलं अंतर इतकं घटलं, सलग दोन तिमाही धंद्यातून रोकड आली नाही, तर मी माझं मत मोडेन. घेण्याच्या दिवशी, तारीख घालून, हे लिहा. नंतर लिहायला गेलात तर मन अटी सैल करतं.

पी/ईचं आता उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे धरतो. शेअरचा भाव ४०० आणि यंदा दर शेअरमागे नफा १००, तर पी/ई ४. यंदाचं धरून मागची आठ वर्षं काढा. कुठे २०, कुठे ३०, एका वर्षी तोटा, आणि सरासरी २५. या सरासरीवर तोच शेअर १६ पटीला आहे. मग तो काही स्वस्त राहत नाही. ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ च्या ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’मध्ये हेच बजावलं आहे: एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, निदान पाच आणि शक्यतो सात ते दहा वर्षांची सरासरी धरा. १९२९ ची पडझड स्वतःच्या पैशावर सोसलेल्या माणसाचं हे सांगणं आहे. सूत, साखर, पोलाद, सोयाबीन तेल, सिमेंट असल्या भावावर डोलणाऱ्या धंद्यात पी/ई सगळ्यात कमी दिसतो तो बहुतेक वेळा तेजीच्या टोकावर, आणि मंदीच्या तळाशी नफाच नसल्याने तो अवाढव्य दिसतो. टोकावरचा कमी पी/ई म्हणजे बाजार आपल्याला सांगत असतो की हा नफा टिकणार नाही. बाजार नेहमी बरोबर असतो असं नव्हे, पण अशा वेळी त्याचं म्हणणं खोडायला आपल्याकडे ठोस काही हवं.

नफ्याबरोबर रोकडही पाहा. वार्षिक अहवालात रोकड प्रवाहाचं पत्रक असतं. नफा वाढतो आहे आणि धंद्यातून येणारी रोकड वाढत नाही, तर पैसा साठ्यात किंवा उधारीत बसला आहे. आडतीवर बसलेल्या कुणालाही हे एका वाक्यात कळेल. लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला तर तो दिवस वाया घालवू नका. २०१८ साली वक्रांगी आणि मनपसंद बेव्हरेजेस या दोन कंपन्यांच्या लेखापरीक्षकांनी काम सोडलं, तेव्हा भागधारकांना तो इशारा सगळ्यांसमोर मिळाला होता.

आणखी एक विषय मंडळात नेहमी निघतो, तो अमळनेरचा. १९४५ मध्ये खानदेशातल्या त्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि शेअर सांभाळून ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या घरी लक्ष्मी आली. गोष्ट खरी आहे आणि ती ऐकून मलाही आनंद होतो. पण ती अर्धीच सांगितली जाते. वडील गेल्यावर १९६६ मध्ये अझीम प्रेमजी परत आले तेव्हा कंपनी तेल-तूप-साबणाचीच होती. संगणक पुढे आले. त्या गावकऱ्यांनी भविष्य ओळखलं नव्हतं. कारखाना गावचा, माणसं ओळखीची, आणि रोजचा भाव कानावर येत नव्हता, म्हणून कागद पेटीत राहिले. अमळनेरहून पुढे अकोल्याला या. सावतराम मिलच्या भोंग्यावर शहराचा दिवस चालायचा. तीही मोठी कंपनी होती, तिचेही भागधारक होते. गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. अचलपूरची फिनले मिलही थांबली आणि तिचे कामगार करोनाकाळापासून कामाची वाट पाहत बसले. ‘सांभाळून ठेवा’ हा सल्ला देणाऱ्याने दोन्ही बाजू दाखवल्या पाहिजेत.

सावतरामचं नाव घेतलं, तर ‘नुसती जमीनच एवढ्या कोटींची आहे’ या युक्तिवादाबद्दलही सांगून टाकतो. जमीन कंपनीची असते, तुमच्या सातबाऱ्यावर चढत नाही. ती विकून पैसा भागधारकाच्या हातात पडेपर्यंत कामगारांची देणी, बँकेचं कर्ज आणि सरकारी थकबाकी पुढे उभी असते. ती विकण्याची इच्छा आणि अधिकार कुणाकडे आहे हे सांगता येत नसेल, तर हिशेबात ती जमीन शून्य धरा.

मंडळ आम्ही मोडलं नाही, मोडूही नये. एकट्याने अहवाल वाचताना डोळा थकतो, चौघांत बसलं की निसटलेलं सापडतं. पण बैठकीची रीत आम्ही बदलली. ज्याच्याकडे शेअर आहे त्याने ते आधी सांगायचं आणि सगळ्यात शेवटी बोलायचं. मांडणी झाली की एका सभासदाला विरुद्ध बाजू लढवायला द्यायची, त्याला स्वतःला पटो वा न पटो. गुरुजींसारख्या मोठ्या माणसासमोर ‘मला पटत नाही’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. नेमून दिलं की ते काम होतं आणि मान राखूनही बोलता येतं. किती शेअर घेतले, किती रक्कम घातली, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय त्याला बैठकीला बोलवायचं नाही. आणि मृगाच्या पेरणीचा, मुलांच्या फीचा, दवाखान्याचा पैसा चर्चेत येताच कामा नये. भाव कितीही स्वस्त असो, जून उजाडला की बियाण्याला रोख लागते, आणि बाजार काही आपल्या जूनपर्यंत सावरून बसत नाही.

गुरुजींनी उरलेल्यातला मोठा भाग काढून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकला. त्यांनी तो आणखी आधी काढायला हवा होता, असं मला वाटतं. साठीनंतर वाट पाहायला हातात फार वर्षं नसतात, आणि या पद्धतीचं सगळं बळ तर वाट पाहण्यात आहे. निवृत्तीच्या पैशाने ती शिकू नये. कमावत्या वयात, गेले तरी घर हलणार नाही एवढ्या रकमेने शिकावी.

बुलढाणा, वाशीमकडचे काही जण असं मंडळ काढायचं म्हणतात. जरूर काढा. सुरुवात आपल्याला ठाऊक असलेल्या धंद्यांपासून करा. सोयाबीन तेलाच्या कंपन्यांचा विषय निघेल; २०२१ मध्ये दहा हजारांपर्यंत गेलेलं सोयाबीन २०२४ मध्ये ४,८९२ च्या हमीभावाखाली विकलं गेलं, तेव्हा दहा वर्षांचे ताळेबंद समोर असल्याशिवाय मोल ठरवायला बसू नका. आणि मंडळात एक तरी माणूस असा घ्या ज्याला शेअरमध्ये काडीचा रस नाही, पण ज्याने जिनिंग, दालमिल किंवा कृषी सेवा केंद्र स्वतः चालवलं आहे. कंपनीचं नाव न सांगता त्याला नुसता धंदा सांगा आणि हा पैसा कुठे अडकू शकतो ते विचारा. त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत पी/ईचा कागद उघडू नका.