नेपाळ यात्रा : सीमा ओलांडण्यापूर्वी

खान्देशातील अनेक भाविकांच्या मनात पशुपतिनाथ, मुक्तिनाथ व जनकपूरच्या दर्शनाची इच्छा असते. ही स्थाने परराष्ट्रात असली, तरी 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीय नागरिकास तेथे व्हिसा लागत नाही. मात्र व्हिसा लागत नाही याचा अर्थ कागदपत्रे लागत नाहीत असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे.

असोदा व परिसरातील यात्रेकरूंस भुसावळहून गोरखपूरकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्या सोयीच्या पडतात. गोरखपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौली हे सीमेवरील गाव आहे. कमान ओलांडली की नेपाळची हद्द सुरू होते. बुद्धाचे जन्मस्थान लुंबिनी तेथून जवळच आहे.

ओळखपत्र : प्रौढ व्यक्तीने वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ बाळगावे. छायाप्रत नव्हे, मूळ प्रत घ्यावी. सर्वसाधारण प्रौढाने केवळ आधार कार्डावर विसंबू नये. 65 वर्षांवरील व 15 वर्षांखालील व्यक्तींना मात्र आधार, पॅन यांसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते. 15 ते 18 वयोगटातील मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातील ओळख प्रमाणपत्र घ्यावे. रस्त्याने जाताना कित्येकदा कोणी कागद पाहत नाही. परंतु परतीचा प्रवास काठमांडूहून विमानाने करण्याची वेळ आली, तर ही कागदपत्रे काटेकोरपणे तपासली जातात.

वाहन : स्वतःचे वाहन नेणाऱ्यांनी नोंदणी पुस्तिका, चालकाचा परवाना व विमा यांच्या मूळ प्रती न्याव्यात. सीमेवरील नेपाळी जकात कार्यालयात, ज्यास तेथे भन्सार म्हणतात, जितके दिवस मुक्काम असेल तितक्या दिवसांचे शुल्क भरून पावती घ्यावी व ती परत येईपर्यंत जपावी.

पैसा : भारताच्या 100 रुपयांस नेपाळचे 160 रुपये हा दर ठरलेला आहे. भारतीय 100 रुपयांच्या नोटा अधिक ठेवाव्यात. त्याहून मोठ्या नोटांविषयीचे नियम वेळोवेळी बदलले असल्याने निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटे पुढे असते, हेही गाडी पकडताना ध्यानी ठेवावे.

कैलास-मानसरोवर यात्रेस मात्र ही सवलत नाही. तो प्रदेश चीनच्या ताब्यात असल्यामुळे तेथे पासपोर्ट व व्हिसा दोन्ही आवश्यक आहेत.

नावांची यादी : सर्वात महत्त्वाची गोष्ट ही आहे. 23 ऑगस्ट 2024 रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. वरणगाव परिसरातील भाविकांसह 27 जणांचा त्यात अंत झाला. पुढे भाविकांचे मृतदेह वायुदलाच्या विमानाने जळगावास आणण्यात आले. असा प्रसंग कोणावरही येऊ नये; परंतु आल्यास परमुलुखात माणसाची ओळख केवळ कागदावरूनच पटते.

म्हणून प्रत्येक गटाने सर्वांची नावे, वय, रक्तगट, औषधे, घरचा दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्रांच्या छायाप्रती यांची यादी तीन प्रतींत करावी. एक गटप्रमुखाकडे, एक दुसऱ्या वाहनातील वा वेगळ्या डब्यातील सहप्रवाशाकडे व एक गावातील जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. वाहन बदलल्यास गावी त्याच दिवशी कळवावे. काठमांडू येथील भारतीय दूतावासाचा दूरध्वनी क्रमांकही यादीवर लिहावा. पावसाळ्यात डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात, म्हणून शक्यतो आश्विन-कार्तिकात जावे व रात्रीचा घाटप्रवास टाळावा.

सीमेवर कागद पाहणारा शिपाई क्षणभराचा असतो. त्या कागदाची खरी वाट घरी थांबलेली माणसे पाहत असतात. यात्रेची पिशवी भरताना हा कागद सर्वात आधी ठेवावा.