सही करू नकोस, आधी ऐक

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझे चाळीस टक्के भरत नाहीत, म्हणून काही मिळणार नाही म्हणे." मला रात्रभर झोप लागली नाही. ते चाळीस आधी मनातून काढून टाक. 40 टक्क्यांची अट आहे ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, आरक्षण आणि सवलतींसाठी. कामावरच्या दुखापतीच्या भरपाईशी तिचा संबंध नाही. तिथे किरकोळ दुखापत वगळायला अट आहे ती एवढीच, की तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं पाहिजे. तुझे तर महिने गेले.

तुझा अपघात ऑगस्ट 2025 चा. नोव्हेंबरमध्ये नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुझा हक्क त्याआधीच उभा राहिलाय, 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने. आपल्या खंडाळ्याच्या घाटातून रेल्वे निघाली ती 1863 साली. तो घाट फोडताना हजारो मजूर मेले, आणि हा कायदा यायला त्यानंतर साठ वर्षं लागली. इतक्या उशिरा मिळालेलं आपण फुकट सोडायचं का?

आता बोटांचं बघ. कायद्याच्या परिशिष्टात टक्के ठरवून दिलेत. एका हाताची दोन बोटं गेली तर 20, तीन गेली तर 30, चारही गेली तर 50. हे टक्के कमाईच्या क्षमतेचे आहेत. तुझी दोन बोटं मशिनमध्ये गेली, ते 20 झाले. पण तिसरं बोट वळत नाही, अंगठ्याची पकड सैल झालीय, त्याचं काय? ते परिशिष्टात नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं, आणि एकाच अपघातातल्या सगळ्या दुखापती एकत्र धरायच्या असतात. तुझ्या दवाखान्याच्या कागदावर त्या तिसऱ्या बोटाचं नावही नाही! भांडण होणार ते इथेच.

रकमेचा अंदाज घे. पगार महिना 15,000, त्याचे 60 टक्के 9,000. वय तीस, म्हणून गुणक 207.98. गुणाकार येतो 18,71,820. त्याचे 20 टक्के म्हणजे 3,74,364. तेच 50 टक्के धरले तर 9,35,910. एका बोटाच्या नोंदीने किती फरक पडू शकतो, बघ.

सर्वोच्च न्यायालयाचा 1975 चा एक निकाल आहे, प्रताप नारायण सिंह देव यांच्या खटल्यातला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. परिशिष्टाप्रमाणे शंभर टक्के होत नव्हते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान पूर्ण धरलं गेलं. विमा कंपनीचा वकील म्हणेल, परिशिष्टात आकडा असताना पुढे जायचं नाही. असे निकालही आहेत, म्हणून मी तुला शंभराची आशा दाखवत नाही. तू फक्त डॉक्टरांना नीट सांग, की तू दिवसभर गरम पाक लाटायचीस, वड्या कापायचीस, खोकी बांधायचीस. त्यांच्याकडून 'कमाईच्या क्षमतेत इतकी घट' असं स्पष्ट लिहून घे. ते साक्षीला येतील का, हेही आत्ताच विचार. नुसत्या कागदावर समोरचे फार झोडपतात.

आणि चाळीस हजार देऊन हक्क सोडून घ्यायला मालकांनी आणलेल्या त्या स्टॅम्पपेपरवर सही करू नकोस. हे मी विनवून सांगते. बाईला एकरकमी भरपाई द्यायची तर ती कायद्याने भरपाई आयुक्तांकडेच भरावी लागते. मालकांनी परस्पर हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. हक्क सोडून देण्याचा करारही टिकत नाही. ते चांगले असतील, दिवाळीला तुला साडी देत असतील, मी नाही म्हणत नाही. पण रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो.

एक गोष्ट मात्र तपासून घे. पगारातून ईएसआय कापलं जात होतं का? तुम्ही सातआठच जणी, त्यामुळे नसेलच. असेल तर हा दावा चालणार नाही, वाट वेगळी, मेडिकल बोर्डापुढची.

अर्जाला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे ऑगस्ट 2027, पण तोवर थांबायचं नाही. वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. बाईला उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं, वडगावच्या कोर्टात विचारू. गुरुवारी दहाच्या लोकलने ये, मी वडगाव स्टेशनवर भेटते. दवाखान्याची डिस्चार्ज पावती, एक्सरे, पगाराची वही, आणि तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या दोघींचे फोन नंबर आण. मधे मालकांचा फोन आला तर सांग, ताईशी बोला.