पोटरी आखडते, मग चालणं आखडतं

आधी तातडीचं सांगते. पोटरीत गोळा आला की गुडघा सरळ ठेवायचा आणि पायाचा पंजा नडगीच्या दिशेनं, म्हणजे स्वतःकडे ओढायचा. दुखायला लागलं की आपण नेमकं उलट करतो. बोटं खाली रोखतो, गुडघा पोटाशी घेतो आणि पोटरी मुठीत आवळून बसतो. त्यानं गोळा आणखी घट्ट होतो. हात पावलापर्यंत पोचत नसेल (गुडघे धरलेल्या किंवा पोट सुटलेल्या बहुतेकांचा पोचत नाही) तर उशाशी एक पंचा किंवा जुनी ओढणी ठेवा. चवड्याखालून घालून दोन्ही टोकं हातात धरायची आणि ओढायची. शेजारी कुणी असेल तर त्यांनी एका हातानं टाच धरून दुसऱ्या तळव्यानं चवडा वर ढकलावा. झटके द्यायचे नाहीत, हळूहळू जोर वाढवायचा. गोळा सुटला तरी पोटरी दुसऱ्या दिवशीही ठणकू शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

उभं राहून टाच जमिनीला टेकवली की गोळा लवकर सुटतो हे खरं. पण रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, चष्मा नसताना पलंगावरून उडी मारून उठणं हा त्यातला धोक्याचा भाग आहे. गोळ्यानं कुणी दगावत नाही, पण त्यापायी अंधारात धडपडून खुब्याचं हाड मोडतं. म्हणून आधी पलंगाच्या कडेला बसा, दिवा लावा, दोन्ही पावलं जमिनीला टेकवा आणि आधार धरूनच उभे राहा.

हा गोळा येतो कुठून? त्याचं संपूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. पण बरंचसं कळलंय. पोटरीच्या स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं कारण नसताना एकदम पेटतात आणि स्नायू आक्रसून तसाच राहतो. वय वाढतं तसे हे मज्जातंतू कमी होतात, उरलेल्यांवर भार वाढतो. स्नायू बारीक होतात. वापराविना कपाटात पडलेली चामड्याची वहाण आखडावी तशी पोटरी आणि टाचेमागची शीर आखूड होत जाते. झोपेत पंजा आपोआप खाली झुकतो, त्यावर जड गोधडी असेल तर आणखीच. आधीच आखूड असलेला स्नायू आणखी आखूड अवस्थेत पडून राहतो आणि तिथेच तो चटकन पेटका धरतो.

आपल्या आधीच्या पिढ्या दिवसातून कितीदा तरी उकिडव्या बसत. भांडी घासताना, निवडताना, शौचाला. टाच टेकवून उकिडवं बसलं की पोटरी चांगली ताणली जाते. खुर्ची, सोफा आणि कमोड आल्यावर तो ताण दिवसातून एकदाही मिळत नाही. आता गुडघे दुखत असताना पुन्हा उकिडवे बसा असं मी सांगणार नाही, ते बऱ्याच जणांना झेपायचं नाही. पण गेलेला तो ताण दुसऱ्या वाटेनं द्यायला हवा.

त्याची सोपी वाट अशी. झोपण्याआधी भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभे राहा, तळवे भिंतीला टेकवा. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट. आता पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका. मागच्या पोटरीत ताण जाणवेल, पण दुखता कामा नये. दहापर्यंत आकडे मोजा, सोडा. प्रत्येक पायाला तीनदा. उभं राहता येत नसेल तर पलंगावर पाय पसरून तोच पंचा वापरा. २०१२ साली नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० माणसांवर झालेल्या अभ्यासात, सहा आठवडे झोपण्याआधी पोटरी आणि मांडीमागचा स्नायू ताणणाऱ्यांचे गोळे कमी झाले आणि जे आले ते कमी दुखले. त्याआधीच्या एका ब्रिटिश अभ्यासात असा फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. तरी मी हाच उपाय पहिला सुचवते. त्याला पैसे पडत नाहीत, मूत्रपिंडावर ताण येत नाही आणि पाऊल वर उचलण्याची लवचीकता टिकली तर उंबऱ्याला ठेच कमी लागते. सहा आठवडे मात्र द्या. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका.

आता औषधाच्या गोळ्यांविषयी. सगळ्यात जास्त विचारणा मॅग्नेशियमची होते. परदेशातून मुलांनी पाठवलेल्या बाटल्या कित्येक घरांतल्या शोकेसमध्ये दिसतात. वयस्कर माणसांच्या रात्रीच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग होण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष आजवरच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर निघाला आहे. पोट मात्र त्यानं बिघडतं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं. कॅल्शियमचंही तसंच, हाडांसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्या, पेटक्यांवरचा इलाज म्हणून नको. केळी आणि शहाळं पोटॅशियमसाठी खाल्ली-प्यायली जातात. गोळे येणाऱ्या बहुतेकांचं पोटॅशियम तपासलं तर ठीकच निघतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी आणि हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर रोजच्या शहाळ्यानं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशांनी रोज शहाळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

क्विनाइनचं नाव जुन्या लोकांना आठवतं. त्यानं गोळे थोडे कमी होतात हे खरं, पण रक्तातल्या प्लेटलेट्स एकाएकी घसरणं आणि हृदयाची लय बिघडणं हे त्याचे दुष्परिणाम इतके गंभीर आहेत की मान्यता नसलेल्या क्विनाइनच्या गोळ्या बाजारातून काढण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००६ मध्ये दिला. स्वतःहून घेऊ नका. अलीकडे के-२ या जीवनसत्त्वाचा बोलबाला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत त्याचा फायदा दिसला. एक चाचणी म्हणजे पुरेसा पुरावा नव्हे, त्यामुळे मी अजून ते सरसकट देत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर त्याला हातही लावू नये, त्या औषधाचा परिणामच ते कमी करतं.

जाता जाता एक गंमत. लोणच्याचा खार प्यायल्यावर पेटका लवकर सुटतो का, हे अमेरिकेत खरोखरच तपासलं गेलंय. विजेच्या साहाय्यानं मुद्दाम आणलेला पेटका पाण्यापेक्षा खारानं लवकर सुटला. इतक्या लवकर की मीठ रक्तात पोचायलाही वेळ मिळाला नसावा. घशाला झोंबलेल्या आंबटपणानं मज्जातंतू शांत होत असावेत असा तर्क आहे. प्रयोग तरुण मुलांवर होता आणि खार आपल्या तेलकट लोणच्याचा नव्हता. रक्तदाब असलेल्या आजोबांनी बरणीला तोंड लावू नये म्हणून हे स्पष्ट करते.

नवी गोळी शोधण्याआधी चालू असलेल्या गोळ्या तपासणं जास्त उपयोगाचं. रक्तदाबाच्या गोळीत अनेकदा लघवी वाढवणारं औषध असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. कधी टेल्मिसार्टनबरोबर ते एकाच गोळीत येतं, त्यामुळे आपण ते घेतोय हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. या औषधांनी अंगातलं सोडियम, पोटॅशियम कमी होऊ शकतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, घाम वाहतोय आणि जेवण कमी झालंय अशा वेळी तर नक्कीच. गोळे एकदम वाढले, सोबत गळून गेल्यासारखं वाटतंय, बोलण्यात गोंधळ होतोय, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. दम्यासाठी ओढायच्या पंपातली सॅल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल ही औषधंही गोळे आणू शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं कधीकधी दोन्ही मांड्या दुखतात. यातलं काहीही स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. सगळ्या पट्ट्या, पंप, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींनी आणि शुद्ध शाकाहारी मंडळींनी बी-१२ तपासावं, थायरॉईडही एकदा पाहून घ्यावं.

काही दुखणी गोळ्यांसारखी वाटतात, पण गोळे नसतात. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते, दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की मोकळी होते आणि तेवढंच चाललं की पुन्हा भरते, हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी तर हे कधीच दुर्लक्षू नये. उभं राहून बरं वाटत नाही, पण बसल्यावर किंवा वाकल्यावर वाटतं, भाजीच्या गाडीवर ओणवं होऊन दूरवर जाता येतं पण ताठ चालता येत नाही, तर अडचण बहुधा कमरेच्या मणक्यात. संध्याकाळी पाय सारखे हलवावेसे वाटतात, हलवले की बरं वाटतं, तर लोह तपासा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबली की दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्या पायाला मालिश अजिबात नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पाय अचानक थंडगार, पांढराफटक, बधिर पडला तर सकाळची वाट पाहू नका.

मालिशीचा विषय निघालाच आहे तर, तीळतेल कोमट करून हलक्या हातानं चोळायला हरकत नाही. शेकायलाही नाही. फक्त मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील तर गरम पाण्याची पिशवी टाळा. पाय भाजतो आणि कळत नाही.

मला खरी काळजी वाटते ती गोळ्यांपेक्षा त्यानंतर जे होतं त्याची. रात्रीची झोप मोडते, सकाळी पोटरी दुखते, म्हणून फिरायला जाणं बंद होतं. लघवीला सारखं उठायला नको म्हणून पाणी कमी केलं जातं. मुलं-सुना प्रेमानं चहा हातात आणून देतात. दिवस खुर्चीत जातो आणि पोटरी आणखी आखडते. निरोगी वृद्ध दहा दिवस नुसते पलंगावर पडून राहिले तर पायांतलं सुमारे एक किलो वजन, तेही चरबी सोडून, कमी होतं असं एका अभ्यासात दिसलं आहे. तरुणपणी गेलेलं भरून येतं, सत्तरीत ते सहज परत येत नाही.

घरच्या घरी एक चाचणी करून पाहा. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. नेहमीच्या चालीनं, काठी लागत असेल तर काठीसह. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा आणि जवळ कुणी असतानाच पुढचे व्यायाम करा.

व्यायाम दोनच सांगते. पहिला, खुर्चीतून उठबस. भिंतीला टेकवलेली, हात असलेली खुर्ची घ्या. उठवत नसेल तर घडी केलेली चादर बसकेवर घालून उंची वाढवा आणि ताकद येईल तशी कमी करत जा. आठ-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा स्वयंपाकघरात, ओट्याला धरून टाचा उचलणं आणि टेकवणं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत केलं तरी पुष्कळ झालं. स्नायू घडायला प्रथिनं लागतात, आणि नेमकं या वयात रात्रीचं जेवण दूधभातावर किंवा चहा-खाऱ्यांवर येतं. किलोमागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडी जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. पिठलं, उसळ, घट्ट वरण, दही, मासे दोन्ही वेळा ताटात असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. पाणीही दिवसा उजेडी भरपूर, संध्याकाळनंतर बेतानं. हृदय कमजोर म्हणून पाणी मोजून सांगितलं असेल तर तेवढंच.

काठीची लाज बाळगू नका, पण ती नीट धरा. ज्या पायाला त्रास आहे त्याच्या विरुद्ध हातात. पुष्कळ लोक त्याच बाजूला धरतात. ताठ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ यायला हवी. खालचं रबरी बूच झिजलं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

जे अंथरुणाला खिळलेत त्यांचं काम घरच्यांनी करायचं. रोज दोनदा घोट्यातून पंजा हळूच वर आणावा, दहापर्यंत मोजावं, सोडावा. पांघरूण पायांवर घट्ट खोचू नये, पंजांवर भार येणार नाही असं ठेवावं. पोटऱ्यांखाली चपटी उशी ठेवून टाचा अधांतरी राहतील असं पाहावं, म्हणजे तिथे जखम होत नाही. नुसत्या गुडघ्यांखाली मात्र दिवसभर उशी नको, पाय वाकलेले तसेच धरतात. पक्षाघात झालेल्या पायात येणारा ताठरपणा निराळा असतो, झटक्यानं ओढलं की तो वाढतो. तिथे फिजिओथेरपिस्टना एकदा घरी बोलवा. त्या करताना सांभाळणाऱ्या मावशींनी शेजारी उभं राहून पाहावं, आणि मग त्यांच्यादेखत एकदा स्वतः करून दाखवावं.