त्या दोन वायरी

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री

चि. बाळू यास,


आज संध्याकाळी उद्यमनगरात पंपाचं सील घ्यायला गेलो होतो. दुकानात दोघं-तिघं मिस्त्री उभे होते. त्यातला एकजण मला बघून म्हणाला, "मामा, तुमचा भाचा लई फास्ट झालाय. मधेच बंद पडणारा गिझर असू दे, पंधरा मिनिटांत चालू. कटआउट मागायला कधी येत न्हाई, वायरी पिळतो नि जातो." तो कौतुकानं बोलला. बाकीचे हसले. मी सील न घेताच बाहेर पडलो. घरी येईस्तोवर तुला फोन करत होतो, तू उचलला नाहीस. म्हणून हे लिहून अक्काजवळ देतोय. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, पत्र तिच्यासमोर वाचू नकोस.

मला एवढंच सांग, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर कुठल्या कुठल्या घरांत?

तुला मी लहान समजून बोलत नाही. तू कळंब्याच्या आय.टी.आय.मधून पास झालास, कागद भिंतीला लावलास, त्या दिवशी तुझ्या आईनं, अक्कानं, गल्लीभर पेढे वाटले. म्हणूनच विचारतो. ज्याला काही कळत नाही त्यानं वायरी पिळल्या तर मी त्याच्या हातातला टेस्टर काढून घेईन आणि विषय संपवीन. तुला मात्र कळतं, आणि तरी तू पिळतोस, हे मला सहन होत नाही.

गिझरच्या डिस्प्लेवर ई वन हा एरर आला तर तू कसा शांतपणे बघतोस, ते मी पाहिलंय. बहुतेक गिझरांत त्याचा अर्थ एवढाच की ज्योत पेटली नाही, किंवा पेटली ती मशीनला दिसली नाही. पुढचे आकडे कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे पुस्तिका बघितल्याशिवाय त्यांचा अर्थ सांगायचा नाही, हेही तुला ठाऊक आहे. आधी टकटक ऐकायची. टकटकच नसेल तर सेल बघायचे. दीड-दीड व्होल्टचे ते दोन मोठे सेल नवे असले तरी वाफेनं डब्यातली पितळी पत्ती हिरवी पडलेली असते, ती घासली की निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. पत्ती चांगली असेल तर पाण्याकडे वळायचं. जाळीत वाळू बसलेली असते, नाहीतर छपरावरची टाकी गिझरच्या वर जेमतेम हातभर असते. मग पाण्याला जोर राहत नाही, पडदा सरकत नाही, मायक्रोस्विच दबत नाही. टकटक आहे पण पेट घेत नाही, तर सिलिंडर, रेग्युलेटर, मुडपलेली नळी. आणि पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर सेन्सरची काडी. रंकाळ्याजवळच्या त्या घरात तू माझ्याबरोबर होतास, आठवतं? ज्योतीतून अगदी बारीक करंट वाहतो आणि काडीवर काजळी चढली की तो सर्किटपर्यंत पोचत नाही, हे मी सांगितलं. तू पॉलिशपेपरचा तुकडा बोटाला गुंडाळून ती काडी पुसलीस. खालचा पांढरा चिनीमातीचा भाग तडकलाय का, हे न सांगता आपणहून बघितलंस. नळ सोडला, टकटक झाली, निळी ज्योत आली आणि राहिली. त्या बाईंनी दिलेले पैसे तू माझ्या हातात ठेवलेस. मी ते घेतले नाहीत.

मग कटआउटपाशी आल्यावर तुझा हात का बदलतो?

तांब्याच्या नळीला दोन स्क्रूंनी बसवलेलं ते रुपयाएवढं बटण. आत दोन धातूंची चकती असते. नळी ठरल्यापेक्षा जास्त तापली की चकती उलटी वळते, सर्किट तुटतं आणि सोलेनॉइड गॅस बंद करतो. अंघोळ अर्धी राहते, साबण डोळ्यांत जातो, ग्राहक ओरडतो. पण ते बटण उगाच पडत नाही, बाळू. आपल्याकडं उपनगरांत बऱ्याच घरांत बोअरचं पाणी. नळीत आतून क्षार बसतो, पाणी कमी वाहतं, नळी तापते. वरच्या तांब्याच्या पंखांत काजळी भरलेली असते, ती तर कव्हर काढल्याशिवाय दिसतच नाही. याचं खरं काम म्हणजे एक्स्चेंजर उतरवायचा, पंख ब्रशनं झाडायचे, लिंबूसताचं पाणी आत फिरवून क्षार सोडवायचा, वॉशर नवे टाकून परत बसवायचा. सकाळ जाते त्यात. त्या बटणाच्या दोन वायरी एकमेकींना पिळून त्याला वगळायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे तेवढेच मिळतात, हेही मला कळतं.

पण वायरी पिळल्यावर काजळी तिथंच राहते ना रे? फक्त आता थांबवणारं कुणी राहत नाही. पंख तुंबले की जळलेली हवा वर जात नाही. गॅसला नीट जळायला स्वतःच्या चोवीस ते तीस पट हवा लागते. ती मिळाली नाही की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळती झाली तर नाकाला कळते. याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त ओढीनं तो रक्ताला धरतो. डोकं जड होतं, पायांतलं बळ जातं, आणि माणसाला वाटतं गरम पाण्यानं सुस्ती आली. दाराची कडी काढायचं सुचेपर्यंत हात उचलत नाही. डॉक्टर लोकांत याला गॅस गिझर सिंड्रोम असं नावच पडलंय. न्हाणीघरात आकडी आली म्हणून माणसाला फिटचा रोगी ठरवतात, आणि तो रोज त्याच गिझरखाली अंघोळ करत राहतो.

२०२३ च्या होळीला मुंबईत घाटकोपरला नवरा-बायको रंग खेळून आले आणि न्हाणीघरात मेलेले सापडले. गॅस गिझरचाच संशय आला. त्याच होळीला उत्तर प्रदेशात मुरादनगरला आणखी एक जोडपं तसंच गेलं. तो पेपर मी तुला दाखवला होता. तू म्हणालास, "मामा, त्यांची खिडकी बंद असणार." असेल. आपल्या शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांतली न्हाणीघरं तू बघितलीस की. जिन्याखाली काढलेली, चार बाय पाच, खिडकीच्या जागी एक झरोका, त्यालाही थंडीत पोतं लावलेलं. तिथं बाळंतिणीला दार घट्ट लावून न्हाऊ घालतात, की वारं लागू नये. तू पिळलेल्या वायरींची घरं यातलीच आहेत का? एखाद्या घरात बाळंतीण आहे का? हाच विचार संध्याकाळपासून डोक्यातनं जात नाही.

तुला एक सांगितलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मी एका कारखान्यात हेल्पर होतो. शेजारच्या प्रेसवर दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे. मालकानं एका बटणात लाकडाची पाचर मारून घेतली, म्हणजे एका हातानं माल ठेवायचा, एका हातानं दाबायचं, उत्पादन दुप्पट. त्या प्रेसवरचा माणूस माझ्याएवढाच होता, कागलकडचा. त्याची तीन बोटं गेली. ती दोन बटणं कशासाठी होती हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं आय.टी.आय. पहिल्या वर्षातच सुटलं, तुझे आजोबा अंथरुणाला खिळले आणि मी कामाला लागलो, हे तुला अक्कानं सांगितलंय. त्याचं दुःख मला पगारासाठी कधी झालं नाही. ज्योत पिवळी का होते, हे मला चाळिशी उलटल्यावर तुझ्या ताईच्या नववीच्या पुस्तकात वाचून कळलं. तोवर मी आयुष्यभर बर्नर साफ करत आलो होतो, आणि का करतो हे ठाऊक नव्हतं. वर्गात बसून कुणीतरी मला ते सांगितलं असतं, ही चुटपूट अजून आहे. तुला ते सांगितलं गेलं. तू वहीत लिहून घेतलंस. ती वही मी बघितली आहे.

माझ्या दुसऱ्या भाचीचं, सुमीचं आठव. तिच्या इंग्लंडच्या घरी बॉयलरवर एफ २८ आला, घरात बर्फासारखी थंडी, लेकरं स्वेटर घालून झोपलेली. ती व्हिडिओवर मला म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा, हे कव्हर काढतील." एफ २८ म्हणजे तिथंही तेच, पेट घेतला नाही. मी सांगितलं, गॅसचा कॉक चालू आहे का ते बघा, रीसेट एकदा करा, पुढं काही उघडू नका. तिकडं गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या माणसाशिवाय कुणाला पैसे घेऊन या कामाला हात लावता येत नाही. ते रजिस्टर २००९ पासून आहे. आणि खोलीतली हवा घेऊन जळणारं असलं उपकरण न्हाणीघरात बसवायलाच तिथं १९९८ च्या नियमांनी मनाई आहे. आपल्याकडं गिझर कसा असावा याला आय. एस. १५५५८ हे मानक आहे, पण तो कोण दुरुस्त करतो हे विचारायला दारात कुणी येत नाही. आपल्याकडं तूच ते रजिस्टर आहेस, बाळू. त्या माणसांनी तुझ्याशिवाय कुणालाच विचारलेलं नाही. मिस्त्री म्हणाला चालू झाला, म्हणजे झाला.

ग्राहक काय बोलतात ते मला माहीत आहे. वीस मिनिटांनी बंद होणारा टायमरसुद्धा काढून द्या म्हणतात. गिझर बाहेर गॅलरीत न्यायला सांगितलं तर पाइपाचा खर्च काढतात. दुसरा मिस्त्री करून देतो म्हणतात. करू दे त्याला. तू म्हण, पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, मग दार लावा. म्हण, झरोक्यातलं पोतं काढा. आणि तरी ऐकत नसतील तर रेग्युलेटर उतरवून ठेव आणि पैसे न घेता निघून ये. त्या दिवशीचे पैसे माझ्याकडून घे. खरंच घे, मी मनाला लावून घेणार नाही.

हे लिहिताना राग उतरत चाललाय. दाजी गेले त्या वर्षी तू आठवीत होतास आणि अक्काचा मिक्सर उघडून बसला होतास. सगळे स्क्रू एका ताटात, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं मांडलेले. अक्का ओरडत होती आणि मी म्हणालो, "गप बस, ह्याचा हात बघ." तोच हात आहे तुझा. गाडीचा हप्ता आहे, ताईचं लग्न वैशाखात आलंय, दिवसाला एका गिझरवर भागत नाही, चार करावे लागतात, हे मला दिसतं. तू कुणापुढं हात पसरत नाहीस, हेही दिसतं. आमच्या घरात हप्ता भरण्याएवढे पैसे आहेत आणि मामीनं ते बाजूला काढून ठेवलेत. तू मागितले नाहीस म्हणून आम्ही दिले नाहीत, एवढंच. ते उद्या घेऊन जा. परत कधी करायचे यावर बोलणं नको.

आणि एक काम कर. रात्री बसून घरांची यादी लिही. ज्या घरी पिळल्यास त्या सगळ्यांची, आठवत नसेल तर मोबाइलमधले नंबर बघत बघत. ज्या घरी लहान मूल, म्हातारं माणूस किंवा बाळंतीण आहे ते नाव वर. त्यांना आज रात्रीच फोन लाव, कितीही वाजले असले तरी, आणि सांग की मिस्त्री येईपर्यंत गिझर लावू नका, चुलीवर पाणी तापवा. काय सांगायचं ते सुचलं नाही तर पार्टमध्ये खोट निघाली म्हण. माझं नाव घे, मामांनी सांगितलंय म्हण. तुला कुणी बोल लावणार असेल तर तो मला लावू दे.

उद्या सकाळी सातला मी स्कूटर घेऊन तुझ्या दारात येतो. मगाशी परत दुकानात जाऊन कटआउटची अख्खी पेटी उचलून आणली, वॉशर आणि लिंबूसतही आणलंय. एक्स्चेंजर तू उतरव, पंख मी झाडतो, माझ्या गुडघ्यांना स्टुलावर चढणं जमत नाही. मामी पोह्यांचा डबा देणार आहे. ताक तेवढं अक्काला भरून ठेवायला सांग.

तुझा,
मामा