आंबोलीचा पट्टेरी भेक

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली हे गाव वसले आहे. धुवांधार पाऊस, धबधबे आणि धुके यांसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु प्राणिशास्त्राच्या जगात या गावाचे नाव एका चिमुकल्या जीवामुळे पोहोचले. हा जीव म्हणजे आंबोली टोड. टोड म्हणजे बेडकाच्याच कुळातील खरखरीत त्वचेचा भेक.

२००९ मध्ये शास्त्रज्ञांनी ही नवी जात असल्याचे जाहीर केले. कुशीवरच्या वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांमुळे तिला ‘टायग्रिना’ हे नाव मिळाले. तिच्या प्रजातीचे नाव ‘झँथोफ्रिन’, म्हणजेच पिवळा भेक. या प्रजातीत दोनच जाती आहेत. दुसरी जात कोयनेच्या परिसरातील असून तिचे वर्णन १९६३ मध्ये झाले होते.

आंबोली टोडचे जीवन जांभ्या दगडाच्या सड्याशी बांधलेले आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील सपाट कातळ. उन्हाळ्यात तो उजाड भासतो. पावसाळ्याच्या आरंभी मात्र त्याच्या खळग्यांत उथळ पाणी साचते आणि मादी त्यात अंडी घालते. अंड्यांतून शेपटी असलेली पिल्ले, म्हणजे टॅडपोल बाहेर पडतात. डबके आटण्यापूर्वी त्यांना पाय फुटले पाहिजेत. पावसाने मध्येच दडी मारली, तर संपूर्ण पिढी वाळून जाऊ शकते.

निसर्गाशी चाललेली ही शर्यत हा जीव पूर्वापार खेळत आला आहे. माणसाने निर्माण केलेली संकटे मात्र नवी आहेत. सड्याला ‘पडीक जमीन’ समजून तेथे बांधकाम झाले, तर अंडी घालण्याची जागाच नाहीशी होते. भेकांच्या विणीचा हंगाम हाच पर्यटकांच्या गर्दीचाही हंगाम असतो. रस्त्यावर आलेले भेक वाहनांखाली चिरडले जातात. अत्यंत लहान क्षेत्रात आढळत असल्यामुळे या जातीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली आहे.

हे संकट एकट्या आंबोलीचे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार, उभयचरांच्या दर पाच जातींपैकी सुमारे दोन जाती धोक्यात आहेत.

तरीही आशेला जागा आहे. २०२१ मध्ये आंबोलीतीलच हिरण्यकेशी परिसराला एका दुर्मीळ माशासाठी ‘जैवविविधता वारसास्थळ’ घोषित करण्यात आले. लहानशा जीवासाठीही भूमी राखता येते, हे त्यातून दिसले. भेकासाठी फार मोठे अरण्य लागत नाही. त्याला हवा असतो अखंड सडा आणि पावसाळी रात्री वाहन सावकाश हाकणारा माणूस.

स्वाध्याय
१. ‘टायग्रिना’ हे नाव का देण्यात आले?
२. सड्याला ‘पडीक जमीन’ म्हणणे योग्य आहे का? सकारण लिहा.
३. तुमच्या परिसरातील पावसाळी डबक्यांत कोणते जीव दिसतात? पाच ओळी लिहा.