बावटा कशासाठी चढतो

मालवण

चि. बाबू,

सेमिनरीत हिब्रू आणि ग्रीक दोन्ही सुरू झाल्याचे वाचून फार आनंद झाला. तू लिहितोस, ‘काका, प्रार्थनासभेत जो तो आपल्याला मिळालेली चिन्हे सांगतो. मला एकही मिळाले नाही. मला खरेच पाचारण आहे का?’ तू ज्या भाषा शिकतो आहेस, त्यांतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

हिब्रूत चिन्हाला ‘ओथ’ म्हणतात. हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहा. नोहाला दाखवलेले इंद्रधनुष्य ओथ आहे. मिसर देशात दारांना लावलेले कोकराचे रक्त ओथ आहे. शब्बाथ ओथ आहे. यार्देन ओलांडल्यावर रचलेले बारा धोंडेही ओथच. यात डोळे दिपवणारे असे काय आहे? इंद्रधनुष्य आपल्या खाडीवरही उमटते, आणि ते धोंडे तर माणसांनीच खांद्यावरून आणले. पुढे मुलांनी ‘हे कशाचे?’ म्हणून विचारावे आणि बापांनी देवाची करणी सांगावी, एवढ्यासाठी. माणसाला थक्क करणाऱ्या गोष्टीला हिब्रूत वेगळा शब्द आहे, ‘मोफेथ’.

जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा ओथचे ‘सेमेइऑन’ झाले आणि मोफेथचे बहुधा ‘तेरास’. नव्या करारात तेरास एकटा कधीच येत नाही, सोबत सेमेइऑन असतोच. मराठी बायबलातली ‘चिन्हे व अद्भुते’ ही जोडी तीच. नुसत्या अद्भुताला तिथे जागा नाही. पहिली तीन शुभवर्तमाने येशूच्या चमत्कारांना सहसा ‘दुनामिस’, म्हणजे सामर्थ्याची कृत्ये, म्हणतात. योहान मात्र काना गावच्या लग्नापासून सेमेइऑन हाच शब्द धरून चालतो. त्याचा सहावा अध्याय सावकाश वाच. पोटभर जेवलेले लोक दुसऱ्या दिवशी येशूला शोधत येतात. त्यांना भाकरी दिसली होती, चिन्ह दिसले नव्हते.

आणखी एक शब्द तुला, बंदरावर वाढलेल्या मुलाला, लगेच उमगेल. मोशेने पितळी साप ज्या काठीवर उंच लावला तिला हिब्रूत ‘नेस’ म्हटले आहे. ग्रीक भाषांतरात तिथेही सेमेइऑनच आहे. नेस म्हणजे निशाण. यहेज्केलाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सोर नगराचे वर्णन जहाज म्हणून केले आहे, आणि त्या जहाजाचे शीड हेच त्याचे नेस. पुढच्या काळातल्या हिब्रूत याच शब्दाला चमत्कार असा अर्थ आला. पण मूळ अर्थ निशाणाचाच. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला की आपले लोक त्याचा रंग न्याहाळत बसत नाहीत. होड्या वर ओढतात, आणि देवगडच्या बंदरात गुजरात-कर्नाटकच्या नौकासुद्धा आसऱ्याला येतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले, तेव्हा बावट्याची किंमत सगळ्यांनाच कळली. बायबलातले चिन्हही माणसाला उठून काहीतरी करायला लावते.

आपण देवाला कौल लावून विचारणाऱ्या मुलखात राहतो. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलाने ठरते. शेजाऱ्यांच्या या श्रद्धेचा मान आपण नेहमी राखला आहे, पुढेही राखायचा. देवाला विचारून पाऊल टाकावे ही ओढ माणसाची जुनीच आहे. गिदोनानेही खळ्यात लोकर ठेवून खूण मागितली. पण त्याला आज्ञा आधीच मिळाली होती, हे विसरू नकोस. आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाचा तेरावा अध्याय तर स्पष्टच बजावतो की एखाद्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये. म्हणून कुणी चिन्ह सांगितले की ते घडले का, एवढेच विचारू नकोस. ते कुणाकडे नेते आणि त्याने त्या माणसाच्या वागण्यात काय बदलले, हे पाहा.

आता तुझ्या पाचारणाविषयी. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायातले बारावे वचन हिब्रूतून वाच. मोशे कचरतो, तेव्हा देव त्याला ओथ देतो. ते कोणते? तू लोकांना मिसरातून बाहेर काढलेस की याच डोंगरावर तुम्ही माझी उपासना कराल. म्हणजे आधी निघायचे, राबायचे, रान तुडवायचे; चिन्ह त्यानंतर. तू ज्या चिन्हाची वाट पाहतोस, ते कदाचित असेच चालून गेल्यावर भेटणारे असेल. ते अजून दिसले नाही, एवढ्यावरून तुला पाचारण नाही असे ठरत नाही.

तोवर अभ्यास सोडू नकोस. धातुरूपांचा कंटाळा आला की पंडिता रमाबाईंची आठवण कर. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अखेरपर्यंत त्या कामाला जुंपून राहिल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले.

रोज एक उतारा मुळातून वाच, आठवड्यातून एकदा इस्पितळात जाऊन आजाऱ्यांजवळ बस, आणि वर्षभराने मला पुन्हा हाच प्रश्न विचार.

तुझा,
मोठा काका