आकडा मोठा की मारा योग्य?

'पोकेमॉन गो' या मोबाइलवरील खेळात २०१७ साली 'रेड' म्हणजे सामूहिक चढाईची भर पडली. बलाढ्य 'बॉस'ला सहा-सहा पोकेमॉन घेऊन ठरावीक वेळेत नमवायचे असते. अशा वेळी नवखा खेळाडू ज्याचा 'सी.पी.'चा आकडा मोठा, त्यालाच पुढे करतो. परंतु हा आकडा केवळ एकूण ताकद दर्शवितो. ती समोरच्यावर कितपत चालेल, हे तो सांगत नाही.

उदाहरणार्थ, टिरॅनिटार हा बॉस पाहू. तो खडक व अंधार अशा दोन प्रकारांचा आहे. मल्ल प्रकारचा मारा या दोहोंवर भारी पडतो. एका प्रकारावर भारी पडणारा मारा १.६ पट लागतो. दोहोंवर पडल्यास २.५६ पट. मारणारा स्वतः त्याच प्रकारचा असल्यास आणखी १.२ पट, म्हणजे एकूण सुमारे ३.०७ पट. मॅचॅम्पचे 'काउंटर' व 'डायनॅमिक पंच' हे डाव नेमके असे आहेत. शिवाय खडकाचा व अंधाराचा मारा त्याला ०.६२५ पटच बसतो.

याउलट ड्रॅगनाइटचा आकडा मोठा असू शकतो. पण तो उडणारा असल्याने खडकाचा मारा त्याला १.६ पट बसतो, आणि त्याच्या ड्रॅगन माऱ्याला टिरॅनिटारविरुद्ध कोणताही वाढावा मिळत नाही.

तात्पर्य, प्रथम बॉसचे प्रकार, मग आपला मारा, नंतर आपला टिकाव आणि शेवटी आकडा, असा निवडीचा क्रम असावा. दुर्मीळ पोकेमॉन नसलेल्यालाही १२५ कँडी साठवून साध्या मॅचॉपचा मॅचॅम्प घडविता येतो.